मदत हवी आहे: बोटीवर तीन आऊटपुटचा चार्जर, हाउसची बँक (दिवे-उपकरणांच्या बॅटऱ्या) भरतच नाही

मालिमचा_तांडेल
20 अँपियरचा तीन आऊटपुटचा चार्जर जेटीवरच्या लाइनीवर लावलाय. इंजिनाची बॅटरी 13.6 व्होल्ट, हाउस मात्र रात्रभर लावूनही 12.2. चार्जर गेला की वायरिंग? 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, लवकर सांगा.

तारफ्यूज
बॅटऱ्या कसल्या, किती एएच (अँपियर-तास)? 12.2 कुठे मोजलं? चार्जर चालू ठेवून की बंद करून?

मांडवीकाठ
दोन बँका, दोन चार्जर. कटकट संपली.

तारफ्यूज
म्हणजे खाऱ्या हवेत 230 व्होल्टचे जोड दुप्पट.

मांडवीकाठ
असू देत. स्वस्त मालात आत चार्जर एकच, पुढे तीन डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे). तिन्ही बँकांना व्होल्टेज एकच.

सौरबाब
टपावर 100 वॉटची दोन पॅनेलं टाका. सोलरचा कंट्रोलर एमपीपीटीच घ्या.

मालिमचा_तांडेल
सोलर विचारलंय कोणी? इंजिनाला 100 एएच एजीएम (सीलबंद), हाउसला 150च्या दोन ट्युब्युलर (पाणी घालायच्या) पॅरललमध्ये. चार्जर चालू ठेवून बॅटरीवरच मोजलं. चार्जरच्या टर्मिनलवर 13.9 येतात.

तारफ्यूज
मग मधले 1.7 व्होल्ट शोधा. पूर्ण करंट जात असता तर त्या वायरीत 34 वॉट जळून ती तापली असती. गार असेल तर कुठेतरी तुटलंय. चार्जर चालूच ठेवून मीटर आधी फ्यूजच्या दोन टोकांना लावा, मग चार्जरचा मायनस ते हाउसचा मायनस. 1.7 जिथे दिसेल तिथे तुटलंय. चार्जरला मायनस किती आहेत?

मालिमचा_तांडेल
एकच, तो इंजिनाच्या बॅटरीला गेलाय. मायनस-मायनसमध्ये 1.7 दाखवतो!

तारफ्यूज
हेच. आऊटपुट तीन असले तरी परतीची वाट एकच, आणि हाउस तिला जोडलेलंच नाही. मेन्स बंद करून दोन्ही बँकांचे मायनस जोडा. पॅरलल स्विच (स्टार्टसाठी दोन्ही बँका जोडणारा) असेल तर याच तारेतून स्टार्टरचा करंट जाईल, म्हणून ती स्टार्टरच्या केबलीइतकीच जाड घ्या, टिन केलेली (कथील चढवलेली). चार्जरच्या प्रत्येक प्लसला 30 अँपियरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभरात.
300 एएच निम्मी उतरली असेल तर 20 अँपियरवर बारा तास तरी धरा. डिस्टिल्ड पाणी चार्जिंगनंतर. ट्युब्युलरच्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (घनता) 1.240च्या आसपास आली की भरली. इक्वलाइझ (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज) मात्र करू नका, 15 व्होल्टच्या वर एजीएमचा व्हॉल्व्ह उघडून ती सुकते.

मांडवीकाठ
ट्युब्युलरला अधूनमधून इक्वलाइझ लागतंच. म्हणूनच म्हटलं, चार्जर वेगळे.

सौरबाब
150ची ट्युब्युलर म्हापशात सध्या कितीला?