मदत हवी आहे: बाबांच्या नाकासाठी लेसर करावं का? रविवारपर्यंत ठरवायचंय

सायली_कराड
नमस्कार, घाईत लिहितेय. बाबांचं नाक ५-६ वर्षांपासून लाल असतं, गेल्या दोन वर्षांत जाडही झालंय. शेंड्याला गाठी आल्यासारखं दिसतं. इथल्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. रोझेशिया आहे, म्हणजे चेहरा लाल राहण्याचा त्वचेचा आजार, लेसरने जाईल म्हणाले. सहा सेशनचं पॅकेज ४२ हजार, रविवारपर्यंत पैसे भरले तर. नंतर ५५. माझं लग्न १४ मेला आहे, म्हणजे हातात सात आठवडे. कुणी केलंय का? गुण येतो का? कृपया फक्त लेसरबद्दल सांगा, घरगुती उपाय सगळे करून झालेत.

घाटमाथा
कुठलं लेसर?

सायली_कराड
चेहऱ्याला करतात ते. मला एवढंच हवंय की गुण येतो की नाही.

नंदिनी_के
सायली, लेसरच्या फंदात पडू नकोस गं. माझ्या वन्सांचे गाल असेच लाल व्हायचे. उगाळलेलं रक्तचंदन आणि कोरफडीचा गर, तीन महिने, रोज रात्री. शिवाय तिखट, लोणचं, वांगं बंद. ही सगळी अंगातली उष्णता आहे. सब्जा भिजवून दे त्यांना.

घाटमाथा
नंदिनीताई, त्यांनी घरगुती नको म्हणून स्पष्ट लिहिलंय. आणि गाल लाल होणं वेगळं, नाकाला गाठी येणं वेगळं. कोरफडीने गाठ कशी जाईल?

नंदिनी_के
वन्सांना गुण आला तेवढं सांगितलं. पैसे तरी वाचतील.

श्रीरंग_५८
कटू वाटेल, पण कुणीतरी सांगायला हवं. माझ्या थोरल्या भावाचं नाक असंच झालं होतं. आधी पिणं थांबवा. लेसर करून उपयोग नाही, मूळ तसंच राहतं. भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, आज नऊ वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. घरच्यांनी लपवू नये. पत्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सायली_कराड
श्रीरंगजी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण हेच ऐकून ऐकून आम्ही थकलोय. बाबा माळकरी आहेत. तेराव्या वर्षी आजोबांनी पंढरपुरात त्यांच्या गळ्यात माळ घातली. घरात कांदासुद्धा एकादशीला शिजत नाही. बाबा एका खासगी कंपनीच्या बसवर चालक आहेत, २६ वर्षं झाली. ड्युटीवर चढायच्या आधी सगळ्यांना यंत्रात एकदा फुंकायला लावतात, बाबांना तीनदा. तिन्ही वेळा शून्य येतं, तरी सुपरवायझर तोंडाजवळ येऊन वास घेतो. मागच्या महिन्यात एक बाई नाकाकडे बघून लहान मुलाला घेऊन खाली उतरल्या, दुसऱ्या गाडीने गेल्या. आणि माझ्या साखरपुड्यात सासरच्या एका पाहुण्यांनी मामाला बाजूला घेऊन विचारलं, मुलीचे वडील घेतात का. बाबांच्या कानावर ते गेलं. त्या दिवसापासून म्हणतायत की कन्यादानाला काका बसतील, मी मागे स्वयंपाकाचं बघतो. म्हणून घाई आहे.

श्रीरंग_५८
मनापासून माफी मागतो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

त्वचावैद्य
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. समक्ष न बघता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगायला हव्यात. नाक जाड होऊन गाठाळ दिसतं त्याला रायनोफायमा म्हणतात. तो रोझेशियाचाच पुढचा प्रकार, पुरुषांत बराच जास्त. दारू न पिणाऱ्यांनाही होतो, हे बाबांच्या सुपरवायझरला माझ्या नावाने दाखवा. पिण्याने रोझेशियाची लाली वाढू शकते, पण लाल नाक हा पिण्याचा पुरावा नाही.

आता मला हे सांगा. क्लिनिकच्या कागदावर लेसरचं नाव काय आहे? नाकाला आजवर कोणती मलमं लावली, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा? डोळे चुरचुरतात का? गाठींपैकी एखादी लवकर वाढतेय, तिच्यातून रक्त येतंय, असं आहे का? त्या जागी स्पर्श कमी जाणवतो का? रंग कसा आहे? यातलं काहीच क्लिनिकने विचारलं नसेल तर रविवार विसरा.

अनिकेत_डब्लिन
मी केलंय, म्हणून लिहितो. आयर्लंडला आलो आणि चारेक वर्षांत गाल-नाक लालभडक. बाहेर गार वारा, आत हीटर. इथे हा आजार इतका आहे की त्याला केल्ट लोकांचा, म्हणजे इथल्या जुन्या रहिवाशांचा, शाप म्हणतात. मी पल्स्ड डाय लेसरची तीन सेशन्स घेतली, प्रत्येकी महिनाभराच्या अंतराने. प्रकाशाची तरंगलांबी ५९५ नॅनोमीटर. रबर बँड चटकन लागावा तसं वाटतं. पहिल्या वेळी नाक जांभळं झालं, दहा दिवस तसंच. पण रक्तवाहिन्यांच्या लाल रेघा गेल्या. सायली, तेच शोध, बाकी काही घेऊ नकोस.

त्वचावैद्य
अनिकेत, तुमच्या रेघा गेल्या याचा आनंद आहे, पण हा सल्ला सरसकट देऊ नका. त्या लेसरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, त्या उष्णतेने बारीक रक्तवाहिनी बंद होते. पण आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्यही, तोच प्रकाश शोषतं. मात्रा चुकली तर भाजतं, काळे किंवा पांढरे डाग राहतात. आपल्याकडे बरेचदा १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर घेतात, कारण मेलॅनिन ते कमी शोषतं. तेही जपूनच.

अनिकेत_डब्लिन
मी कोकणस्थ गोरा नाही हो, गव्हाळच आहे. मला डाग पडले नाहीत.

त्वचावैद्य
तुम्हाला पडले नाहीत. दिवसभर उन्हात बस चालवणाऱ्या माणसाची कातडी आणि डब्लिनच्या ढगाखालची कातडी सारखी नसते.

सायली_कराड
कागद शोधला. 'आयपीएल फोटोरिज्युव्हेनेशन, सहा सत्रे' असं आहे. मलम म्हणजे मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब, तीन वर्षं लावतायत. लावली की लाली बसते, दोन दिवस नाही लावली की दुप्पट येते, म्हणून रोज. वर क्लोबेटासोल आणि अजून तीन नावं आहेत. डोळे चुरचुरतात, पाणी येतं, पण ते रस्त्याच्या धुळीने. क्लिनिकमध्ये ट्यूबबद्दल विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, खाज-नायट्याचं साधं मलम म्हणून. रंग सावळा. उजवी बाजू जास्त लाल आहे, हे कालच लक्षात आलं.

घाटमाथा
उजवी म्हणजे चालकाच्या खिडकीची बाजू. माझे वडील एसटीत होते. जुन्या गाड्यांत इंजिन चालकाच्या डाव्या हाताशी, उजवीकडून ऊन. मधे माणूस भाजायचा.

त्वचावैद्य
सायली, सगळा उलगडा त्या ट्यूबमध्ये आहे, किमान लालीचा तरी. क्लोबेटासोल हे फार जोरदार स्टेरॉइड आहे, चेहऱ्यासाठी नाहीच. रोज लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसायला लागतात, आणि स्टेरॉइडमुळे होणारा रोझेशिया वेगळा उभा राहतो. थांबवलं की उसळतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. माझ्या ओपीडीत असे चेहरे रोज येतात. २०१८ साली सरकारने ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर मिळतात याचा मला फार राग आहे. ट्यूब बंद करायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिले काही आठवडे नाक आतापेक्षा वाईट दिसेल. तेव्हा घाबरून पुन्हा लावू नका. असल्या कातडीवर आत्ता आयपीएल मारणं मला धोक्याचं वाटतं.

दुसरं, आयपीएल हे लेसर नाही, अनेक तरंगलांबींचा झगमगता प्रकाश आहे. लालीला कधीकधी उपयोगी. जाड झालेलं नाक त्याने बारीक होत नाही, सहा नाही, साठ सत्रं केली तरी. लाली आणि जाडी यांची यंत्रं वेगळी. जाडीसाठी कार्बन डायऑक्साइड लेसर, नाहीतर एर्बियम, नाहीतर सरळ शस्त्रक्रिया.

आणि डोळे धुळीने चुरचुरत नसावेत. रोझेशिया डोळ्यांतही असतो. चालक आहेत, नेत्रतज्ज्ञांना आधी दाखवा.

विलासकाका_औंध
मी ६७ वर्षांचा. माझं नाक बटाट्यासारखं झालं होतं, श्वास घ्यायला त्रास व्हायचा. पुण्यात कार्बन डायऑक्साइड लेसरने उतरवलं. नाकाभोवती सुया देऊन बधिर केलं, मी जागा होतो, जळका वास येत होता. तो प्रकाश पेशींतल्या पाण्याची वाफ करतो, म्हणून थर थर उडतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मधेमधे ते नाक दाबून बघायचे तेल बाहेर येतंय का. तेल येतंय तोवर खाली ग्रंथी शिल्लक आहेत आणि त्यांच्यातूनच नवी कातडी येणार. ते थांबलं की हात थांबवायचा, नाहीतर व्रण.

नंतरचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पहिले पाच दिवस पाणी गळत होतं. सौ. दिवसातून चार वेळा सलाइनने पुसायची आणि व्हॅसलिनचा जाड थर द्यायची. खपली धरू द्यायची नाही. जखम भरायला पावणेतीन आठवडे लागले, गुलाबीपणा चार महिने. डाव्या नाकपुडीवर पांढरट डाग कायमचा राहिला. तरी मी पुन्हा केलं असतं. आरशात माझा चेहरा परत दिसला.

रेखा_ठाणे
काका, यजमानांचं प्लास्टिक सर्जनने विजेच्या तारेच्या लूपने केलं, रेडिओ लहरींचं यंत्र. खर्च तुमच्या निम्मा आणि निकाल तोच. लेसर नाव लावलं की पैसे वाढतात.

विलासकाका_औंध
लूपने रक्त थांबतं हे मान्य, पण खोली चुकली तर? माझ्या डॉक्टरांचा हात लेसरवर बसलेला होता.

रेखा_ठाणे
तेच म्हणतेय. हात महत्त्वाचा, यंत्र नाही.

त्वचावैद्य
तुमचं दोघांचंही बरोबर आहे. एक भर घालतो. गाठाळ भाग उडवण्याआधी किंवा उडवताना तुकडा तपासायला पाठवा. अशा नाकात क्वचित त्वचेचा कर्करोग लपलेला असतो, आणि लेसरने सगळं वाफ करून टाकलं तर तपासायला काहीच उरत नाही.

हिशेबनीस
मेडिक्लेमचं बघा. चेहऱ्याचं म्हटलं की सौंदर्योपचार म्हणून दावा फेटाळतात. श्वासाला अडथळा असेल तर डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या, आणि आधीच मंजुरी मागा.

सायली_कराड
श्वासाला त्रास नाही. मेडिक्लेमही नाही.

रंगरेषा
थोडं अवांतर, पण लिहावंसं वाटलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात डोमेनिको गिर्लांदायोचं पंधराव्या शतकातलं एक चित्र आहे, म्हातारा आणि त्याचा नातू. म्हाताऱ्याचं नाक अगदी असंच, गाठीगाठींचं. चित्रकाराने काही लपवलेलं नाही. आणि नातू आजोबांच्या छातीवर हात ठेवून त्या चेहऱ्याकडे बघतोय, कुठेही किळस नाही. सायली, मिळालं तर बाबांना दाखव.

नंदिनी_के
मी शोधून बघितलं. फार सुंदर आहे. सायली, माझा चंदनाचा सल्ला मागे घेते, पातळ झालेल्या कातडीवर चंदन घासू नकोस. पण तिखट तरी कमी करा ना?

त्वचावैद्य
तिखटाने ज्यांची लाली वाढते त्यांनी कमी करावं, सगळ्यांनी नाही. काय खाल्ल्यावर, कुठे बसल्यावर वाढते ते पंधरा दिवस वहीत लिहा. उकळता चहा गार करून घ्या, कारण अडचण बहुतेक गरमपणाची असते. २०१८ साली अमेरिकेतल्या नर्सेसवरच्या मोठ्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया उलट कमी दिसला होता. वाफारा घेऊ नका. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन रोज लावा, ड्युटीवर निघताना आणि दुपारी पुन्हा.

सायली_कराड
आठ दिवसांनी लिहितेय. पॅकेज घेतलं नाही. रविवारी तीन फोन आले, मग ३८ हजारांवर आले, तरी नाही. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात त्वचा विभागात गेलो. केसपेपर काढून अडीच तास थांबलो, पण मॅडमनी पाऊण तास बघितलं. सुन्नपणा तपासला, कुष्ठरोग नाही म्हणाल्या. एका गाठीचा तुकडा घेतलाय, रिपोर्ट पुढच्या बुधवारी. ट्यूब बंद. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आणि मेट्रोनिडाझोलचं मलम दिलंय, डोळ्यांच्या विभागात चिठ्ठी दिली. रोझेशिया डोळ्यांतही आहे, त्वचावैद्य तुमचं खरं निघालं. लेसरचं लग्नानंतरच बघू म्हणाल्या. घाईने केलं तर मांडवात जखम घेऊन बसतील.

सहाव्या दिवसापासून नाक इतकं लाल झालंय की बाबा घराबाहेर पडत नाहीत. रजा टाकलीय. काल रात्री कचऱ्याच्या डब्यातून ट्यूब काढून हातात घेऊन बसले होते. आईने बघितलं, लावली नव्हती. मी ते चित्र मोबाइलवर दाखवलं. खूप वेळ बघत बसले. म्हणाले, पोराचा हात बघ कुठे आहे.

हे उसळणं किती दिवस चालतं? कुणाच्या घरी झालंय का हे, ट्यूब सोडल्यावर?

विलासकाका_औंध
माझ्या सुनेने गोरेपणाचं म्हणून असंच मलम दोन वर्षं लावलं होतं. सोडल्यावर तिला साडेपाच आठवडे फार वाईट गेले, मग उतरत गेलं. गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती कापड, दहा-दहा मिनिटं, याने तिला बरं वाटायचं. बर्फ थेट नको.

त्वचावैद्य
काहींना दोन-तीन आठवडे, काहींना महिने. तीन वर्षांची ट्यूब आहे, वेळ लागेल. काकांनी सांगितलेलं कापड चालेल. फार आग झाली तर बुधवारची वाट न बघता मिरजेला जा, वेगळं मलम देता येतं. आणि ती ट्यूब घरात ठेवू नका, आजच बाहेर टाका.

श्रीरंग_५८
सायली, मी साताऱ्यात असतो. बाबांची हरकत नसेल तर रविवारी येऊन भेटतो. नाकाबद्दल बोलणार नाही. माझीही माळ आहे, हरिपाठ म्हणू.

सायली_कराड
विचारलं त्यांना. या म्हणालेत. ट्यूब आईने मघाशीच टाकली.