पुरावर बोलायचंय, पण प्रोजेक्टरचा धसका घेतलाय

गावभागातली (सांगली):
पावसाळ्याआधी पुराच्या तयारीवर गल्लीच्या मंडळात पंधरा मिनिटं बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या वर्षीही पडलं होतं. रात्री दोनपर्यंत जागून 34 स्लाइड केल्या. संध्याकाळी साडेपाचला मंडपात तिरपं ऊन, पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. त्यात मजकूर श्रीलिपीत, मंडळाच्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नाही. 'धोका पातळी'च्या जागी नुसती अगम्य अक्षरं. तरी मी लोकांकडे पाठ करून आठवेल तसं बोलत राहिले. मागून एक आजोबा म्हणाले, "पोरी, पाठ दाखवतीस म्हणजे पाठ नाही वाटतं!" हशा पिकला.

आकडे सगळ्यांना माहीत आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फूट 6 इंचांवर गेलं. लोक ऐकून मान हलवतात, झालं. हे डोळ्यांपुढं कसं उभं करू?

मंडपवाला (मिरज):
उन्हात प्रोजेक्टर लावूच नका. अंधार पडल्यावर बोला, नाहीतर मोठा टीव्ही आणा. मजकूर युनिकोडमध्ये घ्या, वर पीडीएफ काढून ठेवा. पॉवरपॉइंट चालू असताना की-बोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड हजर. आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरनं न्या. हे कुणी ऐकत नाही.

खडूफळा (सातारा):
अगं, 34 स्लाइड कशाला? मी आयुष्यभर भूगोल शिकवला. कोयना धरण 103 मीटर उंच, हे पोरं पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. एका वर्षी सुतळीचं बंडल घेऊन मैदानात गेलो आणि 103 मीटर मोजून सोडायला लावली. कुंपण आलं, सुतळी उरलीच. त्या वर्गातली पोरं अजून भेटली की सुतळीचंच काढतात.

तू साडेबारा फुटांचा बांबू घे. 45 पासून 57 फूट 6 इंचांपर्यंत तेवढंच अंतर. पण आधी आडवा, सतरंजीखाली ठेव. वस्तू समोर दिसली की लोक तिच्याकडेच बघत बसतात. आकडा सांग, थांब, मग दोघांना उभा करायला लाव. उभा होत असताना तू बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड, मलाही जमायला वर्षं गेली.

वारणाकाठचा:
सर, एक हरकत. कुणीतरी विचारणारच, "एवढं पाणी आमच्या दारात होतं का?" बांबूचा हिशोब पुलाजवळच्या मोजपट्टीचा, हे ताईंनी आधीच सांगावं. शिवाय ज्यांच्या घरात पाणी होतं, त्यांना भिंतीवरची 2019 ची रेघ टेपनं मोजून यायला सांगा. मंडपाच्या खांबावर ज्यानं त्यानं खडूनं खूण करायची.

खडूफळा (सातारा):
हे माझ्या बांबूपेक्षा सरस. दोन्ही कर.

गावभागातली (सांगली):
काल घरी तालीम केली. बांबू सरळ उभाच राहीना, स्लॅब दहा फुटांवर. तिरका धरून उभी होते तर आई आतून आली, आधी "पंखा सांभाळ" म्हणून ओरडली. मग वर बघत राहिली. "एवढं?" म्हणाली. आकडा तिला तोंडपाठ आहे, तरी!

स्लाइड तीनच ठेवल्यात. बांबू रिक्षात मावत नाही, तेवढी सोय बघायची राहिलीय.