मिडीयम वेव्हवर सूर्यास्ताला आणि पहाटे लांबची स्टेशनं: नेमकं कधी, कशी धरायची?

कृष्णाकाठ
ठिकाण वाई. रेडिओ डीएसपी चिपचा (सिग्नल अंकांत बदलून काम करणारी), आतल्या फेराइट रॉडवरच (सेटचा आतला अँटेना) ऐकतो, बाहेरून काही जोडलेलं नाही. दिवसा पुणे ७९२ (किलोहर्ट्झ, पुढचे आकडेही तेच) ठणठणीत, मुंबई १०४४ ऐकण्याजोगं. प्रश्न तीन.

सूर्य मावळताना मुंबईचा आवाज फाटतो, शब्द कळेनासे होतात, आणि त्याच वेळी हैदराबाद ७३८, चेन्नई ७२० मात्र उजळत जातात. जवळचं बिघडतं आणि लांबचं सुधारतं, हे कसं?
कुठल्या दिशेची स्टेशनं कोणत्या वेळी शोधायची, याचं काही गणित आहे का?
आणि लूप अँटेना (चौकटीवर तार गुंडाळलेला) घरी करायचा तर मापं काय घ्यावीत? नेटवर प्रत्येक जण वेगळे वेढे सांगतोय.

पहाटपाळी
मुंबई तुमच्यापासून सरळ रेषेत १८० किमीच्या आसपास. दिवसा तुम्हाला तिची फक्त जमिनीलगतची लहर मिळते. अंधार पडू लागला की वरून परावर्तित झालेली लहरही येते आणि या अंतरावर दोघींची ताकद जवळपास सारखी असते. त्या एकमेकींना कापतात, तेही सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखं नाही. कॅरिअर (मूळ वाहक लहर) बुडतो, साइडबँड (तिच्या दोन्ही बाजूंचे, आवाज वाहणारे पट्टे) उरतात, म्हणून आवाज नुसता बारीक न होता फाटतो. रेडिओला एसएसबी (एकच साइडबँड ऐकायची सोय) असेल तर त्यावर घेऊन कॅरिअरची शिट्टी शून्यावर आणा, बरंच सुधारतं. सिंक (सेट स्वतःच कॅरिअर पुरवतो ती सोय) असेल तर उत्तमच. चेन्नईची जमिनीलगतची लहर तुमच्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथे हे भांडण नाही.

आता वेळ. दिवसा मिडीयम वेव्ह गिळतो तो ६० ते ९० किमी उंचीवरचा डी थर. ऊन गेलं की तो विरतो, पण ८० किमीवर सूर्य जमिनीपेक्षा ३५-४० मिनिटं उशिरा मावळतो आणि सकाळी तेवढाच लवकर उगवतो. म्हणजे पंचांगातली वेळ ही खिडकीची एक कड झाली, खिडकी नव्हे. लहर डी थरातून दोनदा जाते, एकदा स्टेशनच्या बाजूला आणि एकदा तुमच्या बाजूला, म्हणून दोन्हीकडे अंधार हवा.

यातून सरळ हिशोब निघतो. संध्याकाळी पूर्व आधी उघडते, पहाटे पश्चिम शेवटपर्यंत टिकते. २१ डिसेंबरला कोलकात्याचा सूर्यास्त ४:५७, ढाक्याचा ४:४६ (सगळ्या वेळा भारतीय), वाईचा ६:०४. त्यामुळे सहा ते सातमध्ये कोलकाता ६५७, ढाका ६९३ बघा. तोवर आखातात ऊन असतं, तिकडची गर्दी नाही. कुवेतला सूर्य ७:२५ च्या सुमारास मावळतो, म्हणून ५४० वर आठच्या आधी फार आशा नको.

बसण्याआधी ताजी फ्रिक्वेन्सी यादी बघाच. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत बरेच मिडीयम वेव्ह ट्रान्समीटर बंद केलेत, जुन्या यादीवर विसंबलात तर बंद स्टेशनची वाट बघत बसाल. आणि रेडिओचं स्टेप (ट्यूनिंगची एकेक उडी) ९ किलोहर्ट्झवर आहे ना, ते तपासा. १० वर राहिलं तर अर्धा बँड हातातून जातो.

गँगवाला
वेढे वेगळे सांगतात कारण प्रत्येकाचा गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) वेगळा. आधी गँग हातात घ्या, मग तार गुंडाळा.

३६५ पीएफचा (पिकोफॅरड) गँग (जुन्या व्हॉल्व्ह सेटमधला धातूचा, त्याचा एकच भाग वापरायचा) धरला तर ६० सेंमी बाजूच्या चौकोनावर १३ वेढे, दोन वेढ्यांत ६ मिमी अंतर. इंडक्टन्स साधारण २३० मायक्रोहेन्री येतो आणि ५३१ ते १६०२ सगळा बँड मिळतो. तार ३२ मीटर, अर्धा स्क्वेअर एमएमची साधी फ्लेक्झिबल चालते. सांगाडा म्हणजे ८५ सेंमीच्या दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या, चारही टोकांना १० सेंमीची आडपट्टी आणि तिच्यावर १३ खाचा. लोखंडी चौकट नको. तारेची दोन टोकं गँगच्या दोन बाजूंना, बस. रेडिओला काहीही जोडायचं नाही.

छोट्या ट्रान्झिस्टरमधला प्लॅस्टिक गँग असेल तर दोन्ही भाग एकत्र करूनही २०० पीएफच्या आसपासच जातो, मग लूप ७०० च्या खाली उतरत नाही. अशा वेळी वेढे वाढवू नका, वरचा बँड जाईल. १८० पीएफचा पॉलिस्टायरीन किंवा मायका कपॅसिटर एका स्विचने समांतर टाका.

वापरताना रेडिओ लूपजवळ असा ठेवा की आतला फेराइट रॉड वेढ्यांच्या पातळीला काटकोनात राहील. आधी रेडिओ स्टेशनवर लावायचा, मग गँग फिरवायचा, सिग्नल एका जागी उसळून येतो. हा क्रम डीएसपी सेटवर जास्त महत्त्वाचा, कारण तो स्वतःचा रॉड आतून आपोआप जुळवतो आणि लूप फार जवळ असला तर ती जुळणी चुकते. मग सेट एक हात लांब न्या. गँगच्या दांड्याला प्लॅस्टिकची नॉब बसवा, नाहीतर हात काढला की ट्यूनिंग सरकतं.

लूपची कड ज्या दिशेला ती दिशा जोरदार, लूपचा चेहरा ज्या दिशेला ती दबलेली. ७९२ जमिनीलगत येतं, त्यामुळे ते छान दाबता येईल. शेजारच्या ७८३ साठी एलएसबी (खालचा साइडबँड), ८०१ साठी यूएसबी (वरचा) लावा, म्हणजे पुण्याच्या विरुद्ध बाजूचा साइडबँड ऐकाल.

संत्रानगरी
लूपवर खर्च करण्याआधी घरातला गोंगाट मोजा ना भाऊ. रेडिओ सेलवर, मेन एमसीबी खाली. खरखर गेली तर दोषी घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा. नेहमीचे गुन्हेगार: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइल चार्जर (नुसता सॉकेटमध्ये लटकलेलासुद्धा), डीटीएचचा अडॅप्टर, बीएलडीसी पंखे, सोलर इन्व्हर्टर. वायरिंगपासून १०-१५ मीटर लांब गेलात तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लोडशेडिंगला शिव्या घालणारे पुष्कळ, पण आपल्या छंदाला त्याच्यासारखी पर्वणी नाही.

दुसरं, भुतं (सेटमध्येच तयार होणारी खोटी स्टेशनं) ओळखा. आपल्याकडची प्रत्येक अधिकृत फ्रिक्वेन्सी ९ ने भागली जाते. जुन्या ४५५ आयएफच्या (सेटच्या आतली ठरावीक मधली फ्रिक्वेन्सी) सेटवर जोरदार स्टेशन त्याच्या दुप्पट, म्हणजे ९१० ने खाली पुन्हा दिसतं: छत्रपती संभाजीनगरचं १५२१ तिथल्या सेटवर ६११ ला. ६११ ला ९ ने भाग जात नाही, म्हणजे भूत. पण दोन दणकट स्टेशनं सेटमध्ये मिसळून होणारं भूत या चाळणीतून निसटतं. मालाडच्या आसपास (मुंबईचे ट्रान्समीटर तिथे आहेत) १०४४ आणि ११८८ मिसळले तर ९०० आणि १३३२ वर निघतात, आणि दोन्हींना ९ ने भाग जातो. तिथे परीक्षा एकच: दोन कार्यक्रम एकात एक ऐकू येतात, आणि लूप काढला की अख्खं नाहीसं होतं.

कृष्णाकाठ
एमसीबीची परीक्षा केली, निम्मी खरखर पंख्याची निघाली. एक अडलंय. ७२० वर रात्री चेन्नईखाली फारसीसारखी भाषा येते. सेट कसाही फिरवला तरी एक दबून दुसरं वर येत नाही, दोन्ही एकदमच कमी-जास्त होतात.

पहाटपाळी
इराणचं तायबाद असणार, तेही ७२० वरच आहे. वाईहून चेन्नई आग्नेयेला, तायबाद वायव्येला, म्हणजे जवळजवळ एकाच रेषेची दोन टोकं, फरक वीसेक अंशांचा. फेराइट काय, लूप काय, समोर आणि मागे सारखंच ऐकतात. शिवाय वरून येणाऱ्या लहरीवर नल (अँटेनाची दबलेली दिशा) पुसट होतो. इथे सेट फिरवून उपयोग नाही, घड्याळ फिरवा.

२१ डिसेंबरला तायबादचा सूर्यास्त ६:१९, तुमच्यानंतर जेमतेम पाव तास, कारण ते बरंच उत्तरेला आहे. म्हणून संध्याकाळी दोघं एकत्रच येतात. पण तिथला सूर्योदय ८:३१, तुमचा ७:००, चेन्नईचा ६:२६. म्हणजे सव्वासहा ते सातच्या दरम्यान चेन्नई ढासळत जाईल आणि इराण टिकून राहील. याहून सोपं म्हणजे आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होण्याआधी, पावणेसहापर्यंत, ऐका. तेव्हा आपल्या बहुतेक फ्रिक्वेन्सी मोकळ्या असतात. सभेआधी नुसता कॅरिअर येतो, खरखर एकदम दबते, मग वॉल्टर कॉफमन यांची संकेतधून आणि वंदे मातरम्. ती सुरू झाली की खिडकी बंद.

ओळख पटवायला तासाचा ठोका गाठा, पण त्यांच्या तासाचा. आखात, पाकिस्तान, बांगलादेश यांचा पूर्ण तास आपल्या घड्याळात अर्ध्यावर पडतो. इराण, श्रीलंका, म्यानमार यांचा आपल्याबरोबरच. नेपाळचा पाऊणवर. संध्याकाळी मगरिबची अजान कानावर आली तर वेळ टिपून ठेवा: आपल्या सूर्यास्तानंतर दर ४ मिनिटांमागे साधारण १ अंश पश्चिम. हे मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास चांगलं जमतं, डिसेंबरात अक्षांशाची दुरुस्ती लागते. इराणी स्टेशनवर अजान सूर्यास्तानंतर पाव तास किंवा थोडी जास्तच उशिरा होते, तेवढी वजा करा.

गँगवाला
पहाटे गच्चीवर बसणार असाल तर एक सांगायचं राहिलं. दव पडलं की धातूच्या गँगच्या पात्यांवर ओल धरते, उसळी बोथट होते आणि गँग फिरवताना कडकड येते. लूप घरातच कोरडा ठेवा, ऐकायच्या वेळी बाहेर काढा. आणि हे सगळं ऑक्टोबर ते मार्चचं काम. पावसाळ्यात विजांची कडकड शेकडो किलोमीटरवरून येते, तिच्यावर ना लूपचा उपाय आहे ना एमसीबीचा.