सेटटॉप बॉक्सला वायर लावून पण नेट येईना, रविवारच्या आत पाहिजे, मदत करा

पेठकर_माडीवरचा
शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी, अर्जंट मदत हवी आहे. डीटीएचचा सेटटॉप बॉक्स नेटला जोडायचाय. वायर लावलीय, बॉक्सवर नेटवर्क कनेक्टेड असं येतंय, पण यूट्यूब उघडलं की इंटरनेट नाही म्हणून सांगतंय. चॅनेल सगळे व्यवस्थित दिसतायत. फोनवर नेट जोरात चालतंय म्हणजे नेट गेलेलं नाही. कस्टमर केअरला दोनदा फोन झाला, ते म्हणतात नेटवाल्याला विचारा आणि नेटवाला म्हणतोय बॉक्सवाल्याला विचारा. रविवारी दुपारी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची फुटबॉल मॅच आहे, आजोबांचे गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत त्यांना, यूट्यूबवर लाईव्ह असते ती मोठ्या टीव्हीवर दाखवायचीय. सगळं तपासून झालंय, बॉक्स चार वेळा बंद चालू केलाय. काय करू सांगा.

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री ९:२०

बॉक्स कुठला? अँड्रॉइडवाला आहे की साधा? राउटर कुठं आहे आणि बॉक्स कुठं? वायर राउटरमधनं थेट आलीय का? बॉक्सच्या सेटिंगमध्ये आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता, काय दाखवतोय? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही भावा.

सांगलीकर_सध्या_पुण्यात
शुक्रवार, रात्री ९:२४

बॉक्सच्या मागं लागूच नकोस. टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची स्टिक मिळते ती आण, वायफायला जोड, दहा मिनिटांचं काम. मी दोन वर्षं झाली तेच वापरतोय, बॉक्सवर यूट्यूब कधी लावतच नाही, रिमोट पण सुटसुटीत असतो, म्हाताऱ्या माणसांना पटकन जमतंय.

छत्रीवाला_करवीर
शुक्रवार, रात्री ९:३१

आधी सिग्नलची क्वालिटी किती येतीय ते बघा. आपल्याकडनं छत्रीचं तोंड आग्नेयेकडं लागतंय. फ्री डिश असेल तर जीसॅट १५, ९३.५ अंश पूर्व. छत्री वाऱ्यानं बोटभर जरी हलली तरी क्वालिटी पडती, एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, थोडा थोडा फिरवून बघायचा, एकानं टीव्हीसमोर थांबायचं आणि एकानं टेरेसवर. बॉक्सच्या मागं छत्रीची वायर लागते त्या एफ कनेक्टरची पिन गंजली असली तर वायर कापून नवीन कनेक्टर मारा. आणि एक लक्षात ठेवा, बॉक्स चालू असताना ती वायर काढू घालू नका, त्या वायरीतनं एलएनबीला १३ नाहीतर १८ व्होल्ट जात असतात.

पेठकर_माडीवरचा
शुक्रवार, रात्री ९:३८

काका चॅनेल दिसतायत असं लिहिलंय की मी. छत्रीचा काही प्रॉब्लेम नाही, नेटचा आहे.
बावडेकर दादा, बॉक्स अँड्रॉइडवाला आहे, यूट्यूब त्यातच आहे. राउटर खाली सोप्यात, टीव्ही वर माडीवर. वायर खालनंच आलीय. आयपी कुठं बघायचा?

ताराबाईपार्क_ताई
शुक्रवार, रात्री ९:४१

सांगलीकर, स्टिकला तरी नेट लागणारच ना? माडीवर वायफाय पोचत असतं तर त्यांनी वायर कशाला ओढली असती?

सांगलीकर_सध्या_पुण्यात
शुक्रवार, रात्री ९:४४

ताई, मग एक्स्टेंडर लावायचा जिन्यात. वायर ओढायचे दिवस गेले आता.

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री ९:५२

दिवस कुठं गेले? रोज वायरीच ओढतोय मी. पेठेतलं घर म्हणजे भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड दीड हात जाडीच्या. वायफायचं ५ गिगाहर्ट्झ असल्या भिंतीत मरतंय, २.४ कसंबसं एक खोली ओलांडतंय. एक्स्टेंडर जिन्यात लावला तरी त्याला खालनं मिळणारच अर्धं, तो वर देणार त्याच्या पण अर्धं. मॅच ऐन रंगात आली की चक्र फिरत बसणार. वायरच बरोबर आहे. कॅट ५ई जातीची नेटची वायर असली तर १०० मीटरपर्यंत काही फरक पडत नाही आणि यूट्यूबला १०८० साठी ५ एमबीपीएस मिळालं तरी पुरतंय.

पेठकर, सेटिंग, मग नेटवर्क, मग इथरनेट. तिथं आयपी आणि गेटवे असे दोन नंबर असतील ते लिही.

गंगावेस_काका
शुक्रवार, रात्री ९:५८

बॉक्सवर तारीख वेळ बरोबर आहे का बघा. आमच्या बॉक्सवर लाईट गेली की तारीख मागं जायची, मग नेट असून एकही ॲप उघडायचं नाही. तारीख चुकली की सुरक्षित साईट सगळ्या नको म्हणतात.

पेठकर_माडीवरचा
शुक्रवार, रात्री १०:०३

तारीख बरोबर आहे काका.
आयपी १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१. हे चांगलं का वाईट?

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री १०:०५

१६९.२५४ नं चालू होणारा नाही हे चांगलं, तो असता तर बॉक्सला कुणी नंबरच दिला नाही असा अर्थ झाला असता. आता खाली जा, तुझा फोन वायफायवर असताना त्या वायफायच्या नावावर दाब आणि तिथला आयपी बघ.

पेठकर_माडीवरचा
शुक्रवार, रात्री १०:११

१९२.१६८.१.७

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री १०:१३

तिसरा आकडा बघ, बॉक्सचा ० आणि फोनचा १, म्हणजे घरात दोन राउटर आहेत. मधे काय लावलंयस?

पेठकर_माडीवरचा
शुक्रवार, रात्री १०:१९

हो, जिन्याच्या वर जुना राउटर आहे, पण तो नेटचा नाही. आधीच्या कंपनीचं कनेक्शन होतं तेव्हाचा पडून होता. खालची वायर तिथपर्यंतच पुरली म्हणून त्यात घातली आणि त्याच्यातनं दुसरी वायर बॉक्सला नेली. फक्त जोडायला ठेवलाय तो, म्हणून लिहिलं नाही.

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री १०:३४

तिथंच सगळं आहे बघ. राउटर नुसतं जोडायचं काम करत नसतो. घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला, बॉक्सला नंबर द्यायचं काम पण तो करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. आता एकाच वायरीवर नंबर देणारे दोघं झालेत. बॉक्स विचारतोय मला नंबर द्या, जुना राउटर जवळ आहे, तो आधी उत्तर देतोय आणि सांगतोय, बाहेर जायचं असलं तर माझ्याकडं ये. त्या गेटवे ०.१ चा अर्थ तोच. आणि त्याच्याकडं नेटच नाही. म्हणून कनेक्टेड पण दिसतंय आणि इंटरनेट पण नाही, दोन्ही खरं आहे.

एक विचारतो, ही वायर जोडल्यापासून खाली कुणाच्या फोनचं नेट मधेच जातंय का?

पेठकर_माडीवरचा
शुक्रवार, रात्री १०:४०

जातंय! आईच्या फोनवर कालपासनं वायफायची खूण असते आणि व्हॉट्सॲप जात नाही, वायफाय बंद करून चालू केलं की कधी येतं कधी येत नाही. आम्हाला वाटलं कंपनीकडनंच गेलंय, त्यावरनं नेटवाल्याशी वाद घातला मी. तुम्हाला कसं कळलं?

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री १०:४३

जुना राउटर खालच्या फोनना पण नंबर वाटत सुटलाय, वायर एकच आहे ना. ज्याला त्याचा नंबर मिळाला त्याचं नेट गेलं. नेटवाल्याची यात काही चूक नव्हती.

गंगावेस_काका
शुक्रवार, रात्री १०:५०

मग सोपं आहे. खालनं आलेली वायर जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या भोकात, घाला, तो बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. बॉक्सची वायर लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या वस्तू जोडायच्या भोकात. काही सेटिंग करायला नको, माझ्याकडं असंच चालतंय.

पेठकर_माडीवरचा
शुक्रवार, रात्री १०:५४

पहिल्यांदा तिथंच लावली होती काका, नेट आलं नाही म्हणून शेजारच्या भोकात हलवली.

ताराबाईपार्क_ताई
शुक्रवार, रात्री ११:०२

कारण त्यात अजून जुन्या कंपनीचा युजरनेम पासवर्ड भरलेला असणार. तो राउटर त्या जुन्या कनेक्शनला लॉगिन करायला बघतोय, जे बंद झालंय. मागं बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरलं की सगळं पुसलं जातं, मग वॅनवर ऑटोमॅटिक आयपी ठेवला की काकांचा उपाय पण चालेल.

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री ११:१०

चालेल, पण मी तसं करायचा नाही. एका घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात. खालच्या वायफायवरनं फोनवरचा व्हिडिओ वरच्या टीव्हीवर टाकायचा म्हटलं तर टीव्ही फोनमध्ये दिसायचाच नाही.

गंगावेस_काका
शुक्रवार, रात्री ११:१५

त्यांना फोनवरनं टाकायचं नाहीये, मॅच बघायचीय. परवा मॅच आहे आणि तुम्ही त्याला सेटिंगमध्ये घालताय. चुकीचं काही दाबलं तर खालचं नेट पण जाईल.

बावडेकर_वायरमन
शुक्रवार, रात्री ११:२८

खालच्या राउटरला हातच लावायचा नाही काका, सगळं जुन्याला करायचं. एकदा केलं की परत बघायला नको, आणि माडीवर आजोबांच्या फोनला वायफाय पण मिळतंय, तेच नेटवर्क.

पेठकर, नीट वाच आणि ह्याच क्रमानं कर. खालनं आलेली वायर जुन्या राउटरमधनं आधी काढ. पिन घालून रिसेट कर. लॅपटॉप असला तर त्याच्या लॅनला जोड, नसला तर फोन त्याच्या वायफायवर घे, नाव आणि पासवर्ड खाली स्टिकरवर असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाक. आत लॅनच्या पानावर त्याचा स्वतःचा नंबर बदलून १९२.१६८.१.२ कर, सेव्ह कर. १.१ करू नकोस, तो खालच्याचा आहे. मग परत आत जाऊन डीएचसीपी बंद कर, हे सगळ्यात शेवटी, आधी बंद केलंस तर तुझ्या फोनलाच नंबर मिळणार नाही आणि आत जाता येणार नाही. त्याच्या वायफायला चांगला पासवर्ड टाकायला विसरू नको. मग खालची वायर लॅनच्या भोकात, बॉक्सची पण लॅनच्या भोकात. वॅन मोकळं. बॉक्सचा प्लग काढून परत लाव.

सांगलीकर_सध्या_पुण्यात
शुक्रवार, रात्री ११:३३

एवढ्या वेळात स्टिक घरी आली असती. असो. मॅच कुणाची आहे? मी पाटाकडील तालमीच्या संघाचा, कॉलेजला असताना एक सीझन चुकवला नाही, पुण्यात आल्यापासनं सगळ्यात जास्त आठवण शाहू स्टेडियमच्या त्या गॅलरीची येते.

ताराबाईपार्क_ताई
शुक्रवार, रात्री ११:३७

आमचं माहेर दिलबहार तालमीच्या बाजूचं. पण हा धागा नेटचा राहू दे, त्याचं काम होऊ दे आधी.

पेठकर_माडीवरचा
शनिवार, सकाळी ८:४६

दादा अडकलोय. नंबर १.२ केला, सेव्ह म्हटलं, आणि पान गेलं ते परत उघडतच नाही. ०.१ टाकतोय तर काहीच येत नाही. राउटर गेला का?

बावडेकर_वायरमन
शनिवार, सकाळी ८:५१

गेला नाही. त्याचा पत्ता बदललास ना, जुन्या पत्त्यावर तो कसा सापडेल? फोनचं वायफाय बंद चालू कर आणि आता १९२.१६८.१.२ टाक.

पेठकर_माडीवरचा
शनिवार, सकाळी ९:२०

झालं!! बॉक्सवर आता १९२.१६८.१.१२ आणि गेटवे १.१ आलाय. यूट्यूब लागलं, १०८० ला अजिबात थांबत नाही. आजोबांना मागच्या सीझनची एक मॅच लावून दिलीय, खुर्ची पुढं ओढून बसलेत, प्रत्येक पोराचं आणि त्याच्या बापाचं पण नाव सांगतायत. आईच्या फोनचं नेट पण सुरळीत झालं. नेटवाल्याला फोन करून माफी मागितली. बावडेकर दादा, ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार.

रुईकर_कॉलनी_११
शनिवार, सकाळी १०:०५

ह्याच धाग्यावर विचारतो. बॉक्सला असं नेट जोडलं की छत्री काढून टाकली तरी चॅनेल दिसतील का? दर जुलैमध्ये पाऊस धरला की आमचा टीव्ही तासतासभर जातो.

छत्रीवाला_करवीर
शनिवार, सकाळी १०:३०

नाही दिसणार. चॅनेल उपग्रहावरनंच येतात, नेटवर फक्त ॲप चालतात. पावसात जातो कारण डीटीएच ज्यावर येतं त्या केयू बँडच्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात, ढग मोकळे झाले की आपोआप येतंय. पण थोड्या पावसात पण जात असेल तर छत्री पूर्ण बरोबर लागलेली नाही, कोरड्या दिवशी क्वालिटी काठावर असती ती पावसात पडती. पावसाळ्याआधी एकदा बारीक लावून घ्या, मोठी मुसळधार सोडली तर बराच फरक पडतोय.

बावडेकर_वायरमन
शनिवार, सकाळी १०:४४

हे छत्रीवाल्या काकांचं बरोबर आहे.
पेठकर, एक राहिलं. खालनं वर वायर कुठनं आणलीयस? बाहेरनं?

पेठकर_माडीवरचा
शनिवार, सकाळी १०:५८

हो, मागच्या गॅलरीतनं उघडीच आहे. जुन्या भिंतीला भोक पाडायला आजोबा नको म्हणाले.

बावडेकर_वायरमन
शनिवार, सकाळी ११:०६

भोक पाडू नकोच, माती सुटत राहते. पण वळीव तोंडावर आलाय. बाहेरनं उघडी वायर असली आणि जवळ वीज पडली की झटका वायरीतनं दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जातो, गेल्या वर्षी असे किती राउटर बदलले मी. आणि साध्या वायरीचं वरचं कव्हर उन्हानं तडकतंय. बाहेर वापरायची काळी वायर मिळते ती घे, पाईपातनं ने, आणि गडगडायला लागलं की दोन्ही टोकं काढून ठेवायची, छत्रीची वायर पण, आधी बॉक्सचा प्लग काढून. आजोबांना दाखवून ठेव कुठली काढायची ते, तू घरात नसशील तेव्हा.

पेठकर_माडीवरचा
रविवार, संध्याकाळी ६:४०

मॅच पूर्ण बघितली, एकदा पण अडकली नाही. शेजारचे तिघं म्हातारे पण आले होते माडीवर, चहा दोनदा झाला. आपण जिंकलो. पाईप आणि काळी वायर उद्या लक्ष्मीपुरीतनं आणतो, दादा किती मीटर घेऊ, सोप्यापासनं गॅलरीतनं टीव्हीपर्यंत साधारण बावीस भरतंय?

बावडेकर_वायरमन
रविवार, संध्याकाळी ६:५२

सलग तीस घे. सोप्यातनं थेट बॉक्सपर्यंत, मधे जोड नको. जुना राउटर मग वायफायपुरता ठेवायचा असला तर त्याला वेगळी वायर टाक, नसला ठेवायचा तर काढून टाक. आजोबांना नमस्कार सांग.