सेंट पॉलजवळचं पोस्टमन्स पार्क
लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल पाहून झाल्यावर जवळपास पायी काय बघावं, असं विचारलंय, तर पोस्टमन्स पार्क अजिबात चुकवू नका. शेजारच्या मुख्य टपाल कचेरीतली माणसं इथे डबा खायला बसत, त्यावरून हे नाव. आत एका छपराखाली, भिंतीवर अक्षरं रंगवलेल्या फरशा आहेत, दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतः जीव गमावलेल्या साध्या माणसांच्या आठवणीसाठी. चित्रकार वॉट्स यांच्या पुढाकाराने हे स्मारक १९०० मध्ये उभं राहिलं. अ‍ॅलिस एअर्सची फरशी शोधाच. गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची ही मुलगी. १८८५ मध्ये तिने जळत्या घरातून तीन मुलांना बाहेर काढलं. राजे-सेनापतींचे पुतळे शहरभर आहेतच, पण मोलमजुरी करणाऱ्यांची नावं अशी कोण लिहून ठेवतं? बसायला बाक हवा असेल तर दुपारच्या जेवणाची वेळ टाळा.