मदत हवी आहे : पक्षी कमी झाले, की आमचा कान?

भिजकी_वही

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते. पण हा प्रश्न आमच्या गटात विचारायची सोय नाही, कारण ज्यांना विचारावा त्यांच्याबद्दलच तो आहे.

आम्ही सहाजण गेली सात वर्षं एकाच पायवाटेवर पक्षी मोजतो. दीड किलोमीटर, दहा थांबे, प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं, महिन्यातले दोन रविवार. ही सगळी शिस्त काकांची. (माझे सख्खे नव्हेत, गटात सगळेच त्यांना काका म्हणतात. वय ७१.) मोजतातही तेच, एकटे. आम्ही बाकीचे घड्याळ लावतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी गटाच्या सामाईक खात्यावरून ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) यादी चढवतो. वटवट्या आणि शिंपी यांतला फरक मला त्यांनीच शिकवला, तोही डोळे मिटायला लावून.

गेल्या महिन्यात मी सगळ्या याद्या एकत्र करून आलेख काढले. टिटवी, भारद्वाज, बुलबुल, साळुंकी जिथल्या तिथे. फुलटोच्या मात्र घसरगुंडीवर. पहिली तीन वर्षं फेरीला सरासरी सात-आठ, गेल्या वर्षी जेमतेम दोन. चष्मेवाल्याचंही थोड्याफार फरकाने तेच. 'बारके पक्षी झपाट्याने घटत आहेत' असा एक परिच्छेद लिहून मी तो एका अहवालासाठी पाठवूनही दिला.

मग मागच्या रविवारी सहाव्या थांब्यावर काका वही घेऊन उभे होते आणि त्यांच्या अगदी डोक्यावरच्या फांदीत, बांडगुळाच्या गुंत्यात, फुलटोच्या टिक् टिक् टिक् करत होता. गटातल्या सर्वांत नव्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पाच मिनिटं झाली, काकांनी पान उलटलं. फुलटोच्याच्या ओळीत शून्य.

तर प्रश्न असे. पक्षी खरंच कमी झालेत की काकांना ऐकू येत नाही, हे आता मागे जाऊन कळू शकतं का? जुन्या नोंदींचं काय करायचं, काढून टाकायच्या? आणि काकांना सांगायचं कसं? 'नीट समजावून सांगा' एवढंच कृपया लिहू नका.

कुंपणावरचा_सरडा

एका थांब्यावरच्या एका पक्ष्यावरून एवढी मोठी उडी नको. आधी साधी कारणं बघा. बांडगूळ असलेली झाडं तोडली गेलीत का? फुलटोच्याचा जीव बांडगुळाच्या फळांवर, ते गेलं की तोही गेला. रस्ता, पंप, जनरेटर असं काही नवं सुरू झालंय? फेरीची वेळ पुढे सरकलीय? माझ्या स्वतःच्या याद्या तपासल्या तेव्हा पाच वर्षांत माझी सुरुवात चाळीस मिनिटांनी लांबलेली निघाली, आणि मी मात्र 'पहाटेचा किलबिलाट राहिला नाही हो' म्हणून हळहळत होतो.

झिरो_एंट्री

सरडेबुवांचे प्रश्न रास्त आहेत, फक्त आवाजाच्या मुद्द्यात एक मेख आहे. रहदारीची घरघर बहुतांशी खर्जातली असते. ती आधी भारद्वाजाचं हूप-हूप गिळेल, फुलटोच्याची टिकटिक नाही. तुमच्याकडे उलटं झालंय: खर्जातले टिकले, बारीक आवाजाचे गळाले. वयोमानानुसार कान जातो तोही नेमका वरच्या पट्टीकडून. गप्पा व्यवस्थित ऐकू येत असतात, त्यामुळे ज्याचा कान गेला त्याला पत्ताही नसतो.

मागे जाऊन कळू शकतं का? एक गोष्ट वहीत असेल तर हो. पक्षी दिसला की नुसता ऐकला, याची काही खूण आहे का?

भिजकी_वही

झाड तोडलेलं नाही, बांडगूळ उलट वाढलंय. सुरुवातीच्या वेळा सात वर्षांत दहा मिनिटांच्या आतबाहेर.

आणि खूण आहे! काका प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने बारीक 'द' किंवा 'आ' लिहितात. दिसला, आवाज. ईबर्डवर चढवताना आम्ही ती अक्षरं कधी घेतलीच नाहीत, नुसता आकडा घेतला. सगळ्या वह्या माझ्याकडेच आहेत. बसते आता.

रविवारी_रिकामा

एवढा व्याप कशाला? फोनवर मर्लिन (आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप) लावून ठेवा, तो जे जे नाव दाखवेल ते यादीत टाका. कानाचा प्रश्नच मिटला.

पानगळ

@रविवारी_रिकामा, अजिबात नको. मर्लिनची आवाज ओळखायची सोय आली २०२१ मध्ये. ती सुचवते, साक्ष देत नाही. नक्कल करणारा कोतवाल किंवा एखादी करकरणारी फांदीही तिला चकवते. आवाज आपण स्वतः ऐकून किंवा पक्षी पाहून खात्री केल्याशिवाय यादीत घालू नये, असं ईबर्डवालेच सांगतात. शिवाय सात वर्षं माणसाने मोजलं आणि आठव्या वर्षापासून फोनने, तर आलेखात जी उडी दिसेल तिला काय म्हणणार? पक्षी परत आले?

ध्वनिमुद्रणाचा उपयोग आहे, पण वेगळा. थांब्यावर पाचही मिनिटं रेकॉर्डर चालू ठेवा. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपीथ्रीत दाबताना वरच्या पट्टीचाच बळी जातो. नमुनादर (आवाज सेकंदाला किती वेळा टिपायचा तो) ४८ किलोहर्ट्झ पुरे. म्हणजे पुढे कुणालाही परत ऐकता येईल, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, निदान पाहता तरी येईल.

भिजकी_वही

दोन रात्री गेल्या, पण निकाल लागला.

फुलटोच्या: पहिल्या तीन वर्षांत दर दहातले आठ 'आ'. पाचव्या वर्षापासून 'आ' विरळ होत जातो, आणि गेल्या अख्ख्या वर्षात एकही नाही. 'द' मात्र पहिल्यापासून आजवर तेवढेच, फेरीला दीड-दोन. चष्मेवाल्याचे 'आ' निम्म्यावर आले, 'द' तेच. भारद्वाज आणि तांबट यांचे 'आ' सात वर्षं जसेच्या तसे.

चौथ्या वर्षीच्या वहीत फुलटोच्यापुढे तीन-चार ठिकाणी 'आ' लिहून त्यावर प्रश्नचिन्ह आहे, आणि मग ते खोडलंय. ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले होते.

झिरो_एंट्री

मग झालं. फुलटोच्या खरोखर घटला असता तर दिसणारेही घटले असते. पक्षी तिथेच आहेत, मोजणाऱ्याची पोच कमी झाली. पावती काकांनाच द्यायला हवी. त्यांनी ती दोन अक्षरं लिहिली नसती तर हे कधीच सुटलं नसतं.

नोंदी काढून टाकायचं मनातही आणू नका, आणि 'दुरुस्त' तर मुळीच करू नका. आकडे अंदाजाने वाढवणं म्हणजे खोटी नोंद. यादी चढवताना ईबर्ड विचारतं, की तुम्हाला जे जे पक्षी ओळखता आले ते सगळे यात आहेत का. काकांचं उत्तर दर वेळी प्रामाणिक 'हो' होतं. खोडलेला 'आ' हा त्याचाच पुरावा. नोंद चुकीची नाही, तुमचा तिच्यावरचा निष्कर्ष चुकला.

खरी चूक सामाईक खात्याची आहे. ईबर्डच्या विश्लेषणात यादी करणाऱ्यागणिक कौशल्यातला फरकही हिशेबात घेतात. तुम्ही सहाजणांना एकाच नावाखाली कोंबलंत की तो फरक काढणार कसा? यापुढे जो मोजेल त्याच्या स्वतःच्या खात्यावरून यादी, मग ती बाकीच्यांना वाटून द्यायची. जुन्या याद्यांच्या शेऱ्यात लिहा: मोजणी एकाच व्यक्तीची, पाचव्या वर्षापासून उंच पट्टीतले आवाज निसटलेले असण्याची शक्यता.

हा रोग नवा नाही, त्यामुळे एकटे पडल्यासारखं वाटून घेऊ नका. अमेरिका-कॅनडातला ब्रीडिंग बर्ड सर्व्हे १९६६ पासून चालू आहे, दर मार्गावर ५० थांबे, प्रत्येकी ३ मिनिटं. तिथे कल काढताना निरीक्षक बदलला की तो फरक वेगळा धरतात. नव्या माणसाचं त्या मार्गावरचं पहिलं वर्षही वेगळं धरतात, कारण सरावाने त्याचे आकडे आपोआप वाढतात. तुम्ही आता काकांच्या जागी दुसऱ्याला उभं केलंत तर तुमच्या आलेखातही तेच होईल. फुलटोच्या एका रात्रीत सातवर.

पानगळ

म्हणूनच माणूस बदलायच्या आधी काही फेऱ्या जोडगणना करा. दोघांनी एकाच थांब्यावर, एकाच वेळी, एकमेकांकडे पाठ करून, न बोलता, न बोट दाखवता नोंदी घ्यायच्या. प्रत्येक पक्ष्याची वेळ आणि दिशा लिहायची, म्हणजे नंतर 'हा तुझा तोच माझा' हे जुळवता येतं.

समजा काकांना ६ सापडले, तुम्हाला ११, आणि दोघांच्याही वहीत असलेले ५. तर तुमच्या ११ पैकी काकांनी ५ टिपले, म्हणजे त्यांची पकड ४५ टक्के. त्यांच्या ६ पैकी तुम्ही ५ टिपले, तुमची ८३. आणि तिथे प्रत्यक्षात असावेत अंदाजे ६ गुणिले ११ भागिले ५, म्हणजे १३. बघा, तुमच्याही हातून दोन सुटले! एका सकाळीवर विसंबू नका, आठ-दहा फेऱ्यांची बेरीज करा. आणि हा हिशेब पक्षीनिहाय करायचा, सरसकट नाही.

जुनी_दुर्बीण

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. माझं वय ६९. माझा कान पाच वर्षांपूर्वी गेला आणि मला ते एका आलेखावरून कळलं, दहा जणांसमोर, पडद्यावर. दाखवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यानंतर दीड वर्ष मी दुर्बिणीला हात लावला नाही.

आलेख दाखवू नका. घरी बोलावून चहा पाजून तर अजिबात सांगू नका, माणूस चहाचा कप बघूनच ओळखतो. पानगळ म्हणतात ती जोडगणना करा, सगळ्यांचीच करा, आळीपाळीने. तुमचे स्वतःचे सुटलेले पक्षी आधी वाचून दाखवा. बाकीचं वही बोलेल. आणि माझा अंदाज विचाराल तर, तुमच्या काकांना माहीत आहे. खोडलेलं प्रश्नचिन्ह हे न कळणाऱ्या माणसाचं नसतं.

व्यवहाराचं: कान तपासून घ्यायला सांगा, साधा ऑडिओग्रामही (कानाच्या तपासणीचा आलेख) ८ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्टीचे स्वर मोजतो. श्रवणयंत्र घेणार असतील तर तंत्रज्ञाला आधीच सांगायचं की पक्षी ऐकायचे आहेत. कारण गोंगाट दाबणारी सोय पक्ष्यांनाही गोंगाटच समजते, ती बंद असलेला वेगळा प्रोग्रॅम बसवून घ्यावा लागतो. आयफोनवर 'हिअर बर्ड्स अगेन' नावाचं ॲप आहे, ते उंच आवाज खालच्या पट्टीत उतरवून कानात सोडतं. सुरुवातीला सगळे पक्षी सर्दी झाल्यासारखे वाटतात. महिन्याभरात ओळखी परत जुळतात.

कुंपणावरचा_सरडा

माझी उडीबद्दलची टिप्पणी मागे. अवांतर: आज सकाळी फोनवर शुद्ध स्वर वाजवून स्वतःचा कान तपासला. १२ किलोहर्ट्झच्या पुढे शांतता. वय ४६. (फोनच्या स्पीकरवर खापर फोडतोय.)

भिजकी_वही

तीन रविवार झाले, थोडक्यात सांगते.

जोडगणना 'सगळ्यांनी करून पाहू' म्हणून काढली. पहिल्या जोडीत मी आणि ती नवी मुलगी. तिच्या वहीतले चार शिंजीर माझ्याकडे नव्हतेच, ते मी मोठ्याने वाचलं. दुसऱ्या जोडीत मी आणि काका. सहाव्या थांब्यावर वह्या जुळवताना माझ्याकडे फुलटोच्या तीन, त्यांच्याकडे शून्य. "कुठे?" म्हणाले. मी फांदी दाखवली. त्यांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

"चोच हलतेय," म्हणाले.

मग चालता चालता त्यांनीच विषय काढला. चौथ्या वर्षीपासून त्यांना शंका होती. आधी वाटलं पक्षीच गप्प झालेत, मग वाटलं आपण म्हातारे झालो, आणि नेमकं कोणतं खरं ते ठरत नव्हतं म्हणून जे खात्रीचं तेवढंच लिहीत राहिले. जुनी_दुर्बीण, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मी वह्यांमधले 'द' आणि 'आ' मोजल्याचं सांगितलं तेव्हा रागावले ते भलत्याच गोष्टीवर: ती अक्षरं आम्ही सात वर्षं ईबर्डवर का चढवली नाहीत!

सध्या असं ठरलंय. यादी ज्याच्या त्याच्या खात्यावरून. वर्षभर प्रत्येक फेरी जोडीने. 'आ'ची जबाबदारी नव्या मुलीची, 'द' काकांचा, कारण पानाआडचा पक्षी शोधण्यात अजूनही त्यांचा हात आमच्यापैकी कुणी धरत नाही. रेकॉर्डर सहाव्या आणि नवव्या थांब्यावर.

अहवालातला तो परिच्छेद मागे घ्यायचं पत्रही गेलं. मी मसुद्यात गुळमुळीत लिहिलं होतं, 'निरीक्षकाच्या वयोमानामुळे काही नोंदी निसटल्या असाव्यात'. काका कान तपासून आले होते. त्यांनी 'वयोमानामुळे' खोडलं आणि वर पेन्सिलीने लिहिलं: 'निरीक्षकाला ४ किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ ऐकू येत नसल्यामुळे. ऑडिओग्राम सोबत जोडला आहे.'