भावाची छाती वाढलीये, गायनेको (गायनेकोमास्टिया, म्हणजे मुलांमध्ये स्तनाची ग्रंथी वाढणं) आहे म्हणाले. गोळ्या की ऑपरेशन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतेय. १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर राहतो. नववीत असताना छाती दोन्ही बाजूंनी वाढायला लागली तेव्हा आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, या वयात बऱ्याच मुलांना होतं, वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. बऱ्याच जणांचं बसतंही, याचं नाही बसलं. मग घरचे वजनावर घसरले, तर पोराने भात-साखर सोडून रोज पळून वजन उतरवलं, पोट गेलं, गाल बसले, छाती तशीच!

आता भर मे महिन्यात आत घट्ट बनियन, वर टीशर्ट, त्यावर शर्ट. गावी सगळी भावंडं विहिरीत पोहतात आणि हा काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसतो, विचारलं तर सर्दी झालीये म्हणतो. मला बघवत नाही हो.

शेवटी मीच प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेले. त्यांनी चिमटीत धरून तपासलं आणि त्यालाही हात लावून बघायला सांगितलं, निप्पलच्या बरोबर मागे बटणासारखी कडक चकती लागते. नुसती चरबी असती तर मऊ लागली असती, ही ग्लँड (स्तनाची ग्रंथी) आहे, डाएटने जाणार नाही म्हणाले. टॅमॉक्सिफेन वगैरे गोळ्या सुरुवातीला, दुखत असताना दिल्या तर उपयोग होतो, इतक्या वर्षांनी ग्लँड टणक झाल्यावर फारसा नाही. त्यामुळे लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) आणि निप्पलच्या काळ्या भागाच्या कडेने छोटा छेद घेऊन ग्लँड काढायची. त्याआधी हार्मोन्सच्या डॉक्टरांकडून टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, लिव्हर सगळं करून घेतलं, वृषणांची तपासणीही झाली, कारण कधीकधी मूळ तिथे असतं. सगळं नॉर्मल. जिममधली इंजेक्शनं, पावडरी, दुसरी कुठली औषधं काहीच नाही, मी एकटीने नीट विचारलंय.

ज्यांनी स्वतः केलंय किंवा घरात कोणाचं झालंय त्यांनी प्लीज सांगा, इतक्या उशिरा गोळ्यांनी कोणाला फरक पडला का, ऑपरेशननंतर आत रक्त किंवा पाणी साचणं, निप्पल बधिर होणं असं काही झालं का आणि ते किती दिवसांत गेलं, आणि ग्लँड पूर्ण काढली तर खड्डा पडतो म्हणून मागे थोडी ठेवतात, तर ती परत वाढली का कोणाची? कॉम्प्रेशन जॅकेट (छाती दाबून धरणारं घट्ट जॅकेट) महिना-दीड महिना घालावं लागेल म्हणालेत, हॉस्टेलवर राहून जमतं का की सुट्टीतच करावं? विम्यात कॉस्मेटिक म्हणून क्लेम नाकारतात असं ऐकलंय, कोणाचा पास झाला असेल तर कुठले कागद जोडले?

मलमं, तेलं, काढे सुचवू नका प्लीज, त्यात त्याची आणखी वर्षं जातील. आम्ही सांगलीचे, पुणे किंवा कोल्हापूर दोन्हीकडे जाऊ शकतो, तुमच्या डॉक्टरांचं नाव मला मेसेजमध्ये कळवलंत तरी चालेल.